फाटकावरचे सर

“दुरुस्ती!”

हा शब्द उच्चारताना ते उजव्या हाताची तर्जनी वर करायचे, आणि समोरच्याचं वाक्य जिथं असेल तिथंच थांबायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. लग्नात जेवायला बसल्यावर पत्रिकेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सांगणारा, मयतीला गेल्यावर गेलेल्याचं वय दुरुस्त करून देणारा. आमच्या भंडाऱ्यात हा मान सरांकडे होता.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवलेली. पुढं कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांनीही दोन आणले, पण कोपऱ्यात ठेवले आणि त्यांच्याकडे शेवटपर्यंत सावत्र मुलांकडे पाहावं तसं पाहिलं. टायपिंग हे त्यांचं पोट होतं. जीव मात्र रेल्वेत होता. स्वतः एक दिवसही रेल्वेत नोकरी न केलेला हा माणूस रेल्वेच्या नोकरीतल्या लोकांना नियम शिकवायचा.

आमचं एक रेल्वेप्रेमी मंडळ आहे. ज्या गावचं स्टेशन गावात नाही, दूर वरठीला आहे, त्या गावात रेल्वेप्रेमी मंडळ असावं हा विनोद आम्ही सोडून सगळ्यांच्या लक्षात आला होता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पंधरा-सोळा माणसं जमतो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, म्हणून सभा त्यांच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, हिरड्यांच्या रोगांच्या तक्त्याखाली होते. डॉक्टरांचं रेल्वेप्रेम वरच्या वर्गाच्या एसी डब्यात सुरू होतं आणि तिथंच संपतं. बाकीचे मोबाइलवर इंजिनांचे फोटो दाखवतात, चिवडा खातात आणि पूर्वीच्या गाड्या कशा चांगल्या होत्या ते सांगतात. मी पोस्टातून निवृत्त झालेला कारकून. मला या मंडळात चिटणीस केलं आहे, म्हणजे चिवडा मी आणायचा.

या सभेत सर मात्र खुर्चीच्या कडेला ताठ बसलेले. कुणी म्हणालं, “काल नवीन लाल इंजिन पाहिलं वरठीले,” की बोट वर.

“नंबर काय होता?”

“नंबर नाही पाहिला जी. पण रंग असा झक्कास—”

“रंग पाहणारे पेंटर असतात, बाप्पा. रेल्वेवाला नंबर पाहते.”

मग चिवडासुद्धा आवाज न करता चावला जायचा.

सिग्नलचा विषय निघाला की हेच. लाल-हिरवा असा शब्द ते तोंडातून काढत नसत. म्हणायचे, “सिग्नल म्हणजे जागा. वरचा दिवा, मधला दिवा, खालचा दिवा. तेवढं समजलं का झालं.” आम्हाला हा मोठेपणाचा प्रकार वाटायचा. एकदा ते एका पायात तपकिरी आणि एका पायात शेवाळी मोजा घालून आले. मी ते सगळ्यांना खुणेनं दाखवलं. आम्ही चहा हातात धरून इतके हसलो की डॉक्टरांच्या शर्टावर सांडला. सरांना वाटलं, चहा सांडला म्हणून आम्ही हसतो आहोत. तेही थोडंसं हसले.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते दिवाळीच्या अंकावरून. मंडळाचा एक हस्तलिखित अंक निघतो. वाचणारे आम्ही, लिहिणारेही आम्ही. त्यात मी लहानपणच्या नॅरोगेजच्या प्रवासावर लिहिलं होतं. आईला दवाखान्यात नेत होतो, ती खिडकीशी बसली होती, सकाळचं ऊन तिच्या तोंडावर येत होतं, कोळशाचा कण तिच्या डोळ्यात गेला आणि तो मी पदरानं काढला, असं. तो तिचा शेवटचा प्रवास होता. सभेत मी वाचून दाखवलं. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. आणि सरांनी बोट वर केलं.

“दुरुस्ती. ती गाडी सकाळी नव्हती. संध्याकाळी होती. सकाळी उलट दिशेनं यायची.”

“सर, मी स्वतः बसलो होतो त्या गाडीत.”

“मंग ऊन दुसऱ्या बाजूनं आलं असन. सूर्य तं बदलत नाही ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा लेख परत पाठवला. पेन्सिलीनं एकवीस चुका काढलेल्या. शेवटी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘भावना उत्तम.’

त्या दिवसापासून मी त्यांना मनातून क्षमा केली नाही. माणूस आईबद्दलची चूक विसरत नाही, विशेषतः ती खरंच चूक असेल तर. मी जुनं वेळापत्रक पाहिलं होतं. गाडी संध्याकाळचीच होती.

मग ती सहल ठरली.

साकोलीच्या पुढं, एकोडीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका राइस मिलवाल्या शेटजींची वाडी आहे. शेटजींनी तिथं छोटी रेल्वे बांधली होती. खरंखुरं वाफेचं इंजिन, पण उंची माझ्या कमरेएवढी. मागं चार बाकडी, त्यांवर घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. रूळ बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला वळसा घालून, बांबूच्या बेटामागून, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, पुन्हा सुरुवातीच्या जागी यायचे. इंजिनाला शेटजींच्या आईचं नाव होतं आणि त्यापुढं ‘एक्सप्रेस’. शेटजी स्वतः ड्रायव्हर, डोक्याला निळी टोपी, गळ्यात रुमाल. पोटामुळं ते इंजिनात बसल्यासारखे न वाटता इंजिनच त्यांच्या मांडीवर बसवल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी ट्रॅव्हल्सची छोटी गाडी ठरवली. डबे, पाण्याच्या बाटल्या, मंडळाचा फलक, सगळं घेऊन आम्ही सकाळी निघालो. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत सर गप्प होते. मग सुरू झाले.

“किती इंचाचा गेज हाय?”

डॉक्टरांना माहीत नव्हतं.

“गोल रूळ हाय का?”

“हो सर, गोल.”

“जी गाडी जिथून निघते तिथंच येते, तिले प्रवास म्हणत नाही, बाप्पा. तिले प्रदक्षिणा म्हणते.”

“मंग तुम्ही कायले आले जी?” मागून कुणीतरी विचारलं.

“पाहाले,” सर म्हणाले, “का लोक किती खालच्या थराले जाऊ शकतात.”

पण वाडीत उतरल्यावर मी त्यांना पाहिलं. इंजिनाला आच दिली होती, पांढरी वाफ निघत होती. सर आमच्यातून बाजूला झाले, इंजिनापाशी गेले आणि चक्क खाली बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे धरत. तिथं बसून ते त्या चाकांच्या दांड्यांकडे, त्या एवढ्याशा पिस्टनकडे पाहत राहिले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. एकही दुरुस्ती निघाली नाही. हे दृश्य मला आवडायला पाहिजे होतं. मला ते आवडलं नाही. ज्या माणसावर आपण राग धरून असतो त्यानं असं लहान मुलासारखं दिसू नये.

आता फाटकाचं. रुळांना एका ठिकाणी शेताची पायवाट छेदून जात होती. मळणी चालू होती, पलीकडे रचलेल्या धानाच्या पुंजण्यांपाशी यंत्र लागलं होतं, आणि ट्रॅक्टर धानाची पोती घेऊन मधून मधून त्या वाटेनं यायचा. बांबूच्या बेटामुळं ड्रायव्हरला ट्रॅक्टर दिसत नसे आणि ट्रॅक्टरवाल्याला गाडी. म्हणून शेटजी तिथं एक माणूस उभा करत. ट्रॅक्टर येत असेल तर लाल झेंडा, वाट मोकळी असेल तर हिरवा.

“आमचा गडी आज मळणीवर हाय,” शेटजी म्हणाले. “तुमच्यातला एक जण द्या ना. तुम्ही तं रेल्वेवाले.”

मी सरांकडे पाहिलं. ते एकदम मागं सरकले.

“मी गाडीत बसतो,” ते म्हणाले. “मले बसून पाहाचं हाय.”

सकाळपासून जिला प्रदक्षिणा म्हणत होते तिच्यात आता बसायचं होतं! मला वाटलं, उन्हात उभं राहायला नको, कमीपणा वाटतो. त्या एकवीस चुका माझ्या डोळ्यांपुढं आल्या. मी मोठ्यानं म्हणालो, “नियमांचं सगळं पुस्तक पाठ असलेला माणूस आपल्यात असताना दुसरा कशाला? सरच पाहिजेत फाटकावर!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी तर “गार्डसाहेब, गार्डसाहेब” असा गजर सुरू केला. शेटजींनी शिटी आणि दोन झेंडे आणून पुढं केले. सर नको नको म्हणत राहिले, पण त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की टाळ्यांत तो कुणाला ऐकू आला नाही. मला आला. मी जवळच उभा होतो.

झेंडे हातात न घेता ते सुमनकडे वळले. “वहिनी, तुमच्या हातानं द्या. लाल माझ्या उजव्या हातात. उजव्या हातात दिलेला शुभ असते.”

सुमननं दिले. जाताना ती मला हळूच म्हणाली, “सर भिऊन राहिले का हो?”

“नाटकं आहेत,” मी म्हणालो.

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. आणि खोटं कशाला सांगू, सर फाटकावर शोभत होते. ताठ उभे, छाती पुढं, डाव्या हातातला हिरवा झेंडा असा हलवत होते की वारासुद्धा त्यांना विचारून वाहत असावा. एकदा ट्रॅक्टर आला. उजवा हात सरळ वर गेला, शिटी वाजली, शेटजींनी बोडीच्या वळणावरच गाडी थांबवली. ट्रॅक्टर निघून गेला. सरांनी शेटजींकडे अशा नजरेनं पाहिलं की शेटजींनी टोपीला हात लावला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं थांबवणाऱ्या माणसानं आज एक गाडी थांबवली होती.

तिसऱ्या फेरीला सुमन दुसऱ्या बाकड्यावर बसली. मी दिवाळी अंकासाठी फोटो काढायला फाटकापाशी आलो. एक फोटो काढला. सरांचा मफलर एका बाजूनं लोंबत होता.

“सर, मफलर नीट करा. झेंडे द्या इकडे.”

त्यांनी दिले. त्यांनी मफलर सारखा केला, शर्टाची कॉलर वर काढली. मी झेंडे परत त्यांच्या हातात ठेवले. एक या हातात, एक त्या हातात. कोणता कोणत्या, याचा विचार मी केला नाही. कुणी करतं का? झेंड्याचा रंग ज्याच्या डोळ्यांपुढं आहे त्याला तो सांगावा लागतो का?

सरांनी दोन्ही झेंड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“जसे होते तसेच दिले ना?”

मी मोबाइलच्या पडद्यात पाहत होतो. “हो सर, हो. हसा जरा.”

ते हसले. मी दुसरा फोटो काढला.

तेवढ्यात बांबूच्या पलीकडून शिटी आली आणि या बाजूनं ट्रॅक्टर. मागं ट्रॉली, ट्रॉलीवर पोत्यांची रास. सरांनी नियमाप्रमाणे शिटी फुंकली आणि उजवा हात सरळ, ठाम वर केला. त्या हातात हिरवा झेंडा होता.

शेटजींनी बोडीच्या वळणावरून हिरवा पाहिला आणि खुशीत वाफ वाढवली. बेट संपलं आणि समोर ट्रॉली. त्यांनी ब्रेक दाबला, पण ते इंजिन कमरेएवढं असलं तरी लोखंडाचं होतं. ते ट्रॉलीच्या मागच्या चाकावर आदळलं, कण्हल्यासारखा आवाज झाला आणि आडवं झालं. मागची बाकडी एकामागोमाग एक रुळांवरून उतरली. रेल्वेप्रेमी मंडळ बोडीच्या पाझरानं ओल्या राहिलेल्या बांधीच्या चिखलात पडलं. डॉक्टर पाठीवर, फलक त्यांच्या पोटावर. पेटता कोळसा दुसऱ्या बाजूला, कापलेल्या धानाच्या वाळल्या धसकटांवर सांडला आणि धूर निघू लागला. ट्रॅक्टरवाल्यानं उडी मारली आणि शिव्या देत पायानं आग तुडवून काढली.

मी हसत होतो. दोन क्षण मी खरंच हसत होतो. मग सुमनची किंकाळी ऐकली. ती उजव्या हातावर पडली होती आणि तिचं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं.

“डॉक्टर! डॉक्टर!” सगळे ओरडले.

“मी दातांचा आहे,” डॉक्टर चिखलातून म्हणाले.

आमच्यातल्याच एका निवृत्त मास्तरांनी फूटपट्टी शोधली आणि सुमनचाच रुमाल बांधून हात धरला. शेटजी इंजिनापाशी बसून आईच्या नावानं रडल्यासारखे ओरडत होते, म्हणजे इंजिनाच्या नावानं. आणि सर तिथंच उभे होते. उजवा हात अजून वर.

“मी लाल दाखवला ना,” ते म्हणत होते. “लाल दाखवून राहिलो ना मी.”

डॉक्टर चिखल निथळत त्यांच्यापर्यंत गेले आणि तो झेंडा त्यांच्या हातातून ओढला. “हा लाल आहे? हा? नीट पाहा, सर!”

सरांनी पाहिलं. मग दुसऱ्या हातातला पाहिला.  कुणीतरी खुसकन हसलं.

शेटजी उठून आले. “रंगांधळा हाय का हा बुढा?” ते किंचाळले.

“हो,” सर म्हणाले.

इतकं साधं. दुरुस्ती नाही, बोट वर नाही. “हो जी. जन्मापासून.”

 माझ्या हातात मोबाइल होता आणि त्यात दोन फोटो होते.

परतीच्या वाटेवर साकोलीत सुमनचा हात प्लास्टर करून घेतला. गाडीत सरांच्या शेजारची जागा रिकामी होती, कुणी बसेना. सुमन उठली आणि तिथं जाऊन बसली. मी तिच्या मागच्या सीटवर होतो. लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत ते तिच्याशी बोलत होते, हळू आवाजात, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

त्यांचं घर मोहाडीकडच्या विणकरांचं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायचे. वडील मागावर बसलेले, म्हणायचे, काठासाठी लाल सुताची कांडी दे. सर हिरवी द्यायचे. दोनदा काठ बिघडला, तिसऱ्यांदा थोबाडीत बसली. वडिलांना वाटायचं, पोरगा मुद्दाम करतो, याला कामाची लाज वाटते. पुढं रेल्वेत गार्डच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली, वरच्या नंबरानं पास झाले. मग डोळ्यांची तपासणी.

“एक पुस्तक असते, वहिनी. पानापानावर ठिपके. डॉक्टर म्हणे, आकडा वाचा. मी म्हटलं, कोणता आकडा? म्हणे, हा काय लिहिला हाय. मले नुसते ठिपकेच दिसत होते जी. मी अंदाजे सांगत गेलो. आठ, तीन, पाच. डॉक्टर हसले. म्हणे, घरी जा.”

“घरी काय सांगतलं मग तुम्ही?”

“सांगतलं का मीच नाही म्हटलं. म्हटलं रेल्वेत आता पयल्यासारखी शिस्त नाही राहिली.” त्यांनी मफलर सारखा केला. “तवापासून तेच सांगून राहिलो.”

सुमनचा डावा हात त्यांच्या हातावर होता. मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो, जणू रस्त्यावर पाहण्यासारखं काही आहे.

पुढच्या सभेत सरांना मंडळातून काढलं. ‘काढलं’ असा शब्द कुणी वापरला नाही. सुशिक्षित माणसं असे शब्द वापरत नाहीत. ‘त्यांच्या प्रकृतीचा विचार करून त्यांना त्रास देऊ नये’ असं ठरलं. त्यांनी आपल्याला फसवलं, असं डॉक्टर म्हणाले. एवढी वर्षं ते आपल्याला रेल्वे शिकवत होते आणि त्यांना लाल-हिरवा कळत नव्हता! हा ठराव वहीत मी लिहिला. अक्षर चांगलं आलं.

त्याच आठवड्यात सुमन डाव्या हातानं माझ्या मोबाइलवर फोटो पाहत होती. एका फोटोवर थांबली, मग पुढच्यावर गेली, पुन्हा मागं आली.

“हे पाहा,” ती म्हणाली.

पहिल्या फोटोत लाल झेंडा उजव्या हातात होता. दुसऱ्यात डाव्या.

“मधात झेंडे कोणी घेतले होते?”

मी मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर तिला तेवढं उत्तर पुरतं.

“तुमाले माहीत होतं,” ती म्हणाली. “माझा हात मोडला त्याचं काही नाही. पण तुमाले माहीत होतं, अन् तुम्ही वहीत लिवून आले.” तिनं मोबाइल माझ्यापुढं ठेवला. “जा. सांगून या.”

मी गेलो. इन्स्टिट्यूट उघडी होती, शिकणारं कुणी नव्हतं. सर एका जुन्या टाइपरायटरच्या कळा ब्रशनं साफ करत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फोटो दाखवायला मोबाइल पुढं केला आणि दाखवून काय उपयोग, हे लक्षात येऊन मागं घेतला. म्हणालो, “सर, चूक माझी होती. तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी न पाहता हो म्हणालो.”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. बोट वर केलं.

“दुरुस्ती. झेंडा ज्याच्या हातात, चूक त्याची. गार्ड असं म्हणत नाही का मले कोणी तरी दिला.”

“पण तुम्ही तर गार्ड व्हायला नाहीच म्हणत होते. मीच—”

“नाही म्हणाचं तं मोठ्यानं म्हणाचं असते. मी हळू म्हटलं.” ते पुन्हा ब्रश घेऊन कामाला लागले. मान वर न करता म्हणाले, “अन् हळू काहून म्हटलं, सांगू? मले उभं राहाचं होतं तिथं. एकदा तं राहाचं होतं.”

मी बाकावर बसलो. मला आणखी काही बोलायचं होतं.

“वहिनीचा हात कसा हाय?”

“बरा आहे.”

“पोस्टबाबू, तुमच्या त्या लेखात,” ते म्हणाले, “वीसच चुका होत्या. ती सूर्याची मी उगीच काढली. माणूस आईसंग बसला असते तवा ऊन कुठूनही येते.”

मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळी हकिकत लिहिली. दोन्ही फोटो टाकले. ‘माझ्या चुकीमुळं’ असं स्पष्ट लिहिलं. तीन जणांनी अंगठा दाखवला. एकानं हात जोडले. त्याखाली लगेच कुणाच्या तरी सुप्रभातचं फूल आलं, त्याखाली वंदे भारतचा व्हिडिओ, आणि माझा कबुलीजबाब वर सरकत सरकत दिसेनासा झाला. सरांना परत बोलवावं असं कुणाला सुचलं नाही. मी राजीनामा दिला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दिला नाही. अजून चिवडा मीच आणतो.

सुमन मात्र त्यांच्याकडे जात राहिली. प्लास्टर निघाल्यावर ती म्हणाली, मला टायपिंग शिकायचं आहे, बोटांना व्यायाम होईल. साठीतली बाई रोज चार वाजता जाऊन टाइपरायटरवर बोटं आपटायची. सर तिच्या चुका मोजून सांगायचे. घरी येऊन ती मलाही आकडा सांगायची, कौतुकानं.

पावसाळ्याच्या शेवटी सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मंडळानं शोकसभा घेतली. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. डॉक्टरांचा फोन वाजला म्हणून एकच झाली.

तेरवीला आम्ही दोघं मोहाडीकडच्या त्यांच्या जुन्या घरी गेलो. पंगती उठल्या होत्या. सरांच्या पत्नी आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. आजवर मी त्यांना दोनदा-तीनदाच पाहिलं असेल. सुमन त्यांच्याजवळ बसली. थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, “काकू, तुमाले केवा समजलं, सरांच्या डोळ्याचं?”

“मले?” त्या म्हणाल्या. “लगनाच्या दुसऱ्याच दिवशी. त्याइनंच सांगतलं. मी हिरवं पातळ नेसून होतो. म्हणे, एक गोष्ट सांगतो, कोणाले सांगू नका. तुमचं पातळ कोणत्या रंगाचं हाय ते मले दिसत नाही. मी भेलो ना बाई! म्हटलं, आंधळ्याच्या घरी देल्लं का मले बापानं?” त्या किंचित हसल्या. “मंग म्हटलं, कोणताच रंग नाही दिसत का जी? तं म्हणे, निळा दिसते. निळा एकदम साफ दिसते.”

“मग?”

“मंग काय. सासूबाईच्या हातून मामंजीले निरोप धाडला, का मले मागावर निळं पातळ विणून द्या. ते म्हणे, नवी नवरी निळं कायले मांगते? मी काही सांगतलं नाही. अजूनपर्यंत कोणाले सांगतलं नाही. आज तुले सांगून राहिलो.”

 मी दारातून पाहत होतो. तेरवीचं म्हणून माहेरच्यांनी आणलेलं फिकट लुगडं त्यांच्या बाजूला घडीचं तसंच पडलं होतं. त्यांनी नेसलेलं पातळ निळं होतं, धुऊन धुऊन विरलेलं, आणि बोलता बोलता त्या त्याचा पदर खांद्यावर नीट करत होत्या, समोर कुणी बघणारं असल्यासारखा.